चांदमारीत गेलेला शिपाई

मानवतच्या आमच्या मोहल्ल्यात असरच्या नमाजनंतर चहाच्या हॉटेलवर जी बैठक जमते, तिच्यात वर्तमानपत्र अजूनही मोठ्याने वाचले जाते. ऑक्टोबर २०२४ मधली गोष्ट. नाशिकजवळच्या देवळालीत १० तारखेला तोफखान्याचा सराव चालू असताना तोफगोळा फुटला आणि दोन अग्निवीर जागीच कोसळले. एक गुजरातचा, दुसरा पश्चिम बंगालचा. दोघांचीही उमर वीस-एकवीस. एका वर्तमानपत्रात 'शहीद' असे छापले होते, दुसऱ्यात नुसतेच 'मृत्यू'. यावरून बैठकीत थोडी वादावादी झाली. कोपऱ्यात बसलेल्या एका बुजुर्गांनी बशी खाली ठेवली. त्यांना सारा मोहल्ला चाचा म्हणतो. त्यांची सारी जिंदगी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी मोजण्यात गेली. ते आम्हाला म्हणाले, "लडाई में नहीं, सीखते में मरे. इनकू शहीद बोलते क्या, मास्तर?"

आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. चाचांचे समाधान झाले नाही, आमचेही नाही. मगरिबला जाताना वाटेत त्यांनी आपणहून सांगितले. त्यांच्या वालिदांच्या तोंडून नव्हे, अम्मीच्या तोंडून लहानपणी ऐकलेली गोष्ट. अम्मीचा एक भाऊ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रंगरूट म्हणून भरती झाला. मानवत रोडच्या स्टेशनवरून मीटरगेजच्या गाडीत बसला. लढाईवर पोहोचलाच नाही. कवायतीच्या, चांदमारीच्या दिवसांतच कुठेतरी गेला. घरात एवढेच एक वाक्य उरले : "सीखते में गया." अम्मी हे वाक्य आवाज खाली करून म्हणत असे. जणू पोरगा परीक्षेत नापास झाला होता.

या एका वाक्याने आम्हाला बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. लढाईत पडलेल्याचा पोवाडा होतो, चौकाला नाव मिळते. सराव करताना गेलेल्याचे काय? त्यानेही घर सोडले होते, त्यानेही अंगठा उठवला होता, त्याच्याही आईला तार आली होती.

आधी शब्दाचेच पाहू. 'शहीद' हा आपल्या घरातला शब्द आहे आणि मराठीने तो कधीचाच आपलासा केला आहे. भगतसिंगांच्या नावाआधी तो इतका घट्ट बसला आहे की तो अरबीतून आला हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. त्याच्या शेजारी मराठीत 'हुतात्मा' हा शब्द उभा आहे, सावरकरांनी रूढ केलेला. हुतात्म्यात आहुती आहे, अग्नी आहे. शहीदच्या मुळात साक्ष आहे. शाहिद म्हणजे साक्षीदार, शहादत म्हणजे साक्ष. मराठीत आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो, त्याला आमची हरकत नाही. पण मूळ अर्थ विसरला की चाचांच्या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही.

आमच्या फिकहने या बाबतीत बराच बारकाईने विचार केलेला आहे. रणांगणावर मारला गेलेला तो एक. त्याला गुस्ल देत नाहीत, त्याच्याच रक्ताळलेल्या कपड्यांत दफन करतात. त्याच्या जनाज्याची नमाज पढावी की नाही यावर मतभेद आहे : आपण दखनी लोक हनफी, आपल्याकडे पढतात, कोकणातले आपले भाऊ शाफई, त्यांच्या मताने पढत नाहीत. पण हदीसमध्ये आणखी काहीजणांनाही शहिदांत मोजले आहे. साथीच्या रोगाने मेलेला, पोटाच्या विकाराने मेलेला, पाण्यात बुडालेला, भिंत कोसळून दबलेला. यांना गुस्लही मिळते आणि कफनही. दर्जा मात्र आखिरतमध्ये. म्हणजे तलवार लागली नाही म्हणून मरणारा रिकाम्या हाताने गेला, असे या परंपरेने कधी मानले नाही. इंग्रजांच्या फौजेत भरती झालेल्याला हे नियम कसे लावायचे हा उलेमांचा प्रांत आहे, त्यात आम्ही शिरत नाही. आम्ही फक्त एवढेच पाहतो की आवाज खाली करण्याचे कारण चाचांच्या अम्मीला दीनने दिलेले नव्हते. ते दुसरीकडून आले होते.

ते फौजेच्या कागदातून आले. आजही भारतीय लष्कराच्या दप्तरात 'शहीद' हा अधिकृत शब्द नाही. संरक्षण खात्याने तसे संसदेत सांगितलेले आहे. दप्तराचे दोन रकाने आहेत. शत्रूशी लढताना किंवा तशा मोहिमेत गेला तर 'बॅटल कॅज्युअल्टी'. अपघाताने, आजाराने, सरावात गेला तर सामान्यतः 'फिजिकल कॅज्युअल्टी'. या दोन रकान्यांवरून कुटुंबाला काय मिळणार याचा हिशेब बदलतो. देवळालीच्या घटनेनंतर देशभर वाद झाला तो याच हिशेबावरून. इंग्रजांच्या काळात शब्द वेगळे होते, रकाने हेच होते : लढाईचा मुलूख आणि लढाईबाहेरचा मुलूख. चांदमारीचे मैदान लढाईबाहेरच्या मुलखात पडत होते.

आणि त्या काळात ही मैदाने किती होती! १९३९ साली हिंदी फौज दोन लाखांच्या आसपास होती. १९४५ पर्यंत ती पंचवीस लाखांवर गेली. सक्तीची भरती नसताना एवढी मोठी फौज जगात दुसरीकडे कुठे उभी राहिली नाही. खेड्यातले पोर, ज्याने हातात विळा आणि आसूड यापलीकडे काही धरले नव्हते, त्याला काही महिन्यांत शिपाई करायचे होते. पहिल्या दोन-अडीच वर्षांत ही घाई अंगाशी आली. मलायात आणि ब्रह्मदेशात १९४१-४२ साली जपान्यांपुढे पलटणीच्या पलटणी उधळल्या गेल्या. त्याच्या कारणांपैकी एक उघड होते, की पोरांना पुरते शिकवलेलेच नव्हते. जंगल पाहिलेले नाही, रात्रीचे चालणे ठाऊक नाही, कानाजवळून खरी गोळी गेलेली नाही.

म्हणून १९४३ साली पायदळाच्या शिक्षणाचा सारा साचा बदलला. नऊ महिने रेजिमेंटच्या केंद्रावर आणि त्यापुढे दोन महिने जंगलातल्या लढाईचे खास शिक्षण. त्यासाठी दोन अख्ख्या डिव्हिजन लढाईवरून काढून शिकवण्याच्या कामाला लावल्या. ३९ वी उत्तरेत सहारनपूर-डेहराडूनच्या बाजूला आणि १४ वी छिंदवाड्याला. छिंदवाडा म्हणजे आपल्या वऱ्हाड-नागपूरला लागून असलेला मुलूख, सौंसर-पांढुर्ण्याकडे अजून मराठी बोलली जाते. तिथल्या सागवानाच्या रानात पोरांना ब्रह्मदेश शिकवला गेला. मराठा पलटणींचे शिक्षणकेंद्र बेळगावला होते. आणि या शिक्षणातली मुख्य गोष्ट ही, की गोळी खरी, हातगोळा खरा. लाकडी बंदुकीने शिकलेला मलायात मेला होता, आता खऱ्या दारूने शिकायचे. यातून १९४४-४५ ची विजयी फौज तयार झाली, हे लष्करी इतिहासकार एकमुखाने सांगतात. त्या विजयाच्या हिशेबात शिकताना गेलेल्यांची एक ओळ धरावी लागते, तिच्याकडे मात्र नजर जात नाही.

एक मृत्यू असा आहे की ज्याची ही ओळ कुणाला खोडता आली नाही. तो आमच्या जातीजमातीचा नाही, आमच्या जिल्ह्याचाही नाही. तरी तो इथे सविस्तर सांगायला हवा, कारण चांदमारीत माणूस कसा मरतो हे त्याच्याइतके स्पष्ट दुसरीकडे नोंदलेले आम्हाला भेटले नाही.

नाईक किरपा राम. हिमाचलच्या बिलासपूरकडचा, तेराव्या फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या आठव्या पलटणीतला. उमर तिशीच्या आत. दिवस १२ सप्टेंबर १९४५. तारीख नीट पाहावी. जपानने २ सप्टेंबरला शरणागतीच्या कागदावर सही केली होती. आणि याच १२ सप्टेंबरला सिंगापुरात माउंटबॅटन आग्नेय आशियातल्या जपानी फौजांची रीतसर शरणागती घेत होते. बँड वाजत होता, निशाणे चढत होती. त्या दिवशी बंगळूरच्या उत्तरेला तोंडेभावी नावाच्या ठिकाणी, विश्रांतीच्या छावणीत, किरपा रामची तुकडी खऱ्या दारूगोळ्याने सराव करीत होती. युद्ध संपले म्हणून कवायत संपत नाही.

सराव रायफलीवरून ग्रेनेड डागण्याचा होता. ज्यांनी हे हत्यार पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. रायफलीच्या नळीच्या तोंडावर एक पेला बसवतात. त्यात ग्रेनेड ठेवतात, त्याची खटकी पेल्याच्या कडेने दाबून धरलेली असते. मग बिनगोळीचे, नुसत्या दारूचे काडतूस उडवले की ग्रेनेड दोनशे यार्डांपर्यंत जाऊन पडतो. पेल्यातून सुटताच खटकी उघडते आणि आतली वात पेटते. हाताने फेकायच्या ग्रेनेडची वात चार सेकंदांची, रायफलीवरून डागायच्या ग्रेनेडची सातांची, कारण त्याला लांब जायचे असते. काडतूस ओलसर निघाले, दारू मंद पेटली की ग्रेनेड लांब जात नाही, समोरच पडतो. सात सेकंद मात्र चालू झालेले असतात.

तोंडेभावीला तसेच घडले. एका तरुण शिपायाने डागलेला ग्रेनेड तुकडीपुढे आठएक यार्डांवर पडला. पोरे जमिनीवर पालथी होती. नाईक किरपा राम मागे होता, म्हणजे त्याला आडोसा घ्यायला वेळ होता. मागे व्हा, आडोसा घ्या, असे ओरडत तो पुढे धावला. ग्रेनेड उचलला. दूर फेकण्याआधीच तो हातात फुटला. स्फोट त्याच्या अंगाने झेलला. तुकडीतल्या दोघांना किरकोळ जखमा झाल्या, बाकी सारे उठून उभे राहिले.

त्याला १९४६ मध्ये मरणोत्तर जॉर्ज क्रॉस जाहीर झाला. हे पदक १९४० साली सुरू झाले होते, शत्रू समोर नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी. म्हणजे लंडनमधल्या दरबारालाही कळले होते की काही शौर्यांना शत्रू लागत नाही. स्वतंत्र भारताने पुढे अशोकचक्र ठेवले, तेही याच जातीचे. किरपा रामची बायको तेव्हा अगदी कोवळी पोर होती. तिने ते पदक उराशी धरून उमर काढली. पुढे ते घरातून चोरीला गेले, २००९ साली लंडनच्या लिलावात निघाले. ओरड झाली, लिलाव थांबला आणि काही वर्षांनी ते घरी परत आले.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी आम्हाला विशेष वाटते. फ्रंटियर फोर्स रायफल्समध्ये पठाण होते, पंजाबी मुसलमान होते, शीख होते, डोगरे होते. १९४७ च्या वाटणीत ती रेजिमेंट पाकिस्तानकडे गेली. म्हणजे किरपा रामचे गाव इकडे, रेजिमेंट तिकडे. ज्यांच्यासाठी तो धावला त्या पोरांपैकी कोण कुठल्या देशाचा झाला असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

जॉर्ज क्रॉसच्या याच यादीत जाट रेजिमेंटचा लान्सनाईक इस्लामउद्दीन आहे. त्याने १२ एप्रिल १९४५ रोजी ब्रह्मदेशात प्याबवे येथे जिवंत ग्रेनेडवर अंग टाकून साथीदार वाचवले. आमच्या हैदराबादचे कॅप्टन मतीन अहमद अन्सारीही आहेत. हाँगकाँगमध्ये जपान्यांच्या कैदेत त्यांनी अतोनात छळ सोसला, तोंड उघडले नाही, आणि २९ ऑक्टोबर १९४३ रोजी त्यांची गर्दन मारली गेली. हैदराबाद दख्खनचा हा सुपुत्र आमच्या मराठवाड्यातल्या किती शाळांत सांगितला जातो? आम्ही तरी शाळेत त्यांचे नाव ऐकले नाही.

आता आमच्या मुलखाकडे वळतो, कारण चाचांच्या अम्मीचा खालचा आवाज इथला आहे.

परभणी जिल्ह्याला फौज नवी नव्हती. १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात असलेल्या हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. दक्षिणेला मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, घोडदळ असे. औरंगाबाद, जालना, एलिचपूर इथेही छावण्या होत्या. पैसा निजामाचा, अंमलदार इंग्रज, शिपाई पुष्कळसे दखनी. १९०३ मध्ये ही फौज हिंदी सैन्यात विलीन झाली आणि हिंगोली-मोमिनाबादच्या छावण्या उठल्या. छावणी उठली की बाजार उठतो, नालबंद उठतो, आणि घरात बापामागे पोराने भरती होण्याची चाल तुटते. तरीही दखनी मुसलमान फौजेत राहिला. मराठा पलटणींत दखनी मुसलमानांच्या वेगळ्या कंपन्या असत. पहिल्या महायुद्धात कूत-अल-अमाराच्या वेढ्यात तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, तेव्हा तुर्कांच्या कैदेत गेलेल्यांत हेही होते. त्याच साली १४ जुलैला फ्रान्समध्ये हाय वुडच्या रानाजवळ गव्हाच्या शेतांतून ज्या घोडदळाने भाले सरसावून हल्ला चढवला, ते होते दख्खन हॉर्स. आमच्याच कंटिंजंटची अवलाद. दिल्लीच्या तीन मूर्तींपैकी एक मूर्ती हैदराबादच्या स्वाराची आहे, हेही फार थोड्यांना ठाऊक असते.

दुसऱ्या महायुद्धात निजामाच्या स्वतःच्या सेनेतली पहिली हैदराबाद इन्फंट्री मलायात होती. ८ डिसेंबर १९४१ च्या पहाटे जपानी कोटा भारूच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा तिथल्या विमानतळाच्या रखवालीवर हीच पलटण होती. इकडे मराठवाड्यातले काही रंगरूट निजामी सेनेत, काही सरळ इंग्रजांच्या हिंदी सैन्यात गेले.

इथे वाचकांनी तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, अशी आमची विनंती आहे. हिंदी सैन्य एक. निजामाचे रीतसर पगारी सैन्य दुसरे. आणि रझाकार, जे सैन्यच नव्हते, १९४७-४८ मध्ये फोफावलेले एका संघटनेचे हत्यारबंद दल, ज्याने मराठवाड्यातल्या हिंदू गावकऱ्यांवर जुलूम केले आणि शेवटी त्याची किंमत आमच्या साध्यासुध्या माणसांनी मोजली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर हे तीन रकाने लोकांच्या मनात एकत्र कालवले गेले. 'आमचे आजोबा फौजेत होते' असे मुसलमानाने म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला : कुठल्या फौजेत? मग उत्तर देण्यापेक्षा ट्रंकेतले कागद चुलीत गेलेले बरे. जपान्यांशी लढलेला आणि गावात दहशत घातलेला, दोघे एकाच गप्प बसण्याखाली गाडले गेले. लढाईत पडलेल्याची ही गत, तिथे चांदमारीत गेलेल्याला कोण विचारतो! पश्चिम महाराष्ट्रात, साताऱ्या-रत्नागिरीकडे, पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत. या गावातून इतके गेले, त्यांतले इतके मेले. तिथेही आकडाच, नाव नाही. पण निदान आकडा तरी भिंतीवर उघडपणे लागला. आमच्या घरांत तोही मनातल्या मनात मोजला गेला.

तर मग नावे गेली कुठे? हे शोधताना आमच्या हाती जे लागले, ते चाचांना सांगण्यासारखे होते.

पुण्याजवळ खडकीला युद्ध कब्रस्तान आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी, एकसारख्या पांढऱ्या शिळा, कातरलेली हिरवळ. आम्ही एका दुपारी तिथे शिळांवरच्या उमरी वाचत फिरलो. एकोणीस, बावीस, वीस. यांतले कितीतरी गोळी न लागता गेलेले, कुणी तापाने, कुणी अपघाताने. पण हिंदुस्थानातच सरावात गेलेल्या हिंदी शिपायाला बहुधा अशी शिळा मिळाली नाही. हिंदूला जवळच्या घाटावर अग्नी दिला, मुसलमानाला छावणीजवळच्या कब्रस्तानात माती. आपल्याकडे कबर कच्ची ठेवतात, दोन-चार पावसाळ्यांत ती जमिनीला मिळते. युद्धकबरींची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने या लोकांसाठी वेगळी सोय केली. 'लढाईबाहेरच्या मुलखात' मरण पावलेल्या अखंड हिंदुस्थानच्या २५ हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची नावे एका बहीत लिहिली. फाळणी झालेली होती, तेव्हा प्रश्न आला की बही ठेवायची कुठे. उत्तर असे निघाले, की दोन्हीकडे. एक दिल्लीच्या युद्ध कब्रस्तानात, एक कराचीच्या. नावे तीच.

हे वाचले तेव्हा आम्ही क्षणभर थांबलो. मालमत्तेची वाटणी झाली, रेजिमेंटी वाटल्या, टेबलखुर्च्या वाटल्या असे आपण वाचतो. ही एक यादी मात्र कुणाला वाटता आली नाही. देवळालीत, बेळगावात, छिंदवाड्यात, तोंडेभावीत, झेलमच्या काठी, कुठेही शिकताना गेलेला शिपाई दोन्ही देशांच्या राजधानीत किंवा बंदरात एकाच वेळी नोंदलेला आहे. आणि दोन्ही देशांत त्याच्याकडे कुणी फिरकत नाही.

आयोगाचे सारेच काम असे चोख होते असा गैरसमज नको. पहिल्या महायुद्धाबाबत खुद्द आयोगाने २०२१ मध्ये आपलाच एक अहवाल छापला आणि कबूल केले, की आशिया-आफ्रिकेच्या हजारो शिपायांच्या आठवणीत भेदभाव झाला. ४५ ते ५४ हजारांना बरोबरीची वागणूक मिळाली नाही आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित त्याहून कितीतरी अधिक, नावानिशी नोंदलेच गेले नाहीत. गोऱ्याला शिळा आणि काळ्याला आकडा, हा त्यातला मथितार्थ. कबूल करायला शंभर वर्षे लागली, पण कबूल केले.

परमुलखात गेलेल्यांची एक गोष्ट सांगतो. १९३९ च्या डिसेंबरात मुंबई बंदरातून खेचरांच्या चार कंपन्या फ्रान्सला निघाल्या. माणसे बहुतेक पंजाबी मुसलमान, काम बर्फात-चिखलात सामान वाहण्याचे. जून १९४० मध्ये एक कंपनी जर्मनांच्या हाती लागली, बाकीचे डंकर्क आणि इतर बंदरांतून इंग्लंडात पोहोचले. पुढची तीन-साडेतीन वर्षे त्यांनी लढाई पाहिली नाही. वेल्सच्या आणि स्कॉटलंडच्या डोंगरांत पहाडी युद्धाचा सराव, फक्त सराव. १९४४ मध्ये ते मायदेशी परतले तेव्हा काहीजण तिथेच राहिले होते. शत्रूच्या गोळीने नव्हे, आजाराने, अपघाताने, थंडीने. त्यांतले नऊजण स्कॉटलंडमध्ये किंगसी नावाच्या लहान गावाच्या कब्रस्तानात आहेत. त्या कबरींची देखभाल गावातल्या एका बाईंनी सत्तर वर्षांहून अधिक काळ स्वतःहून केली. फुले लावली, गवत काढले. त्या ख्रिस्ती, तो मुलूख परका, त्या शिपायांची भाषा त्यांना येत नव्हती. आम्ही आपल्या मोहल्ल्याच्या कब्रस्तानाकडे शबे-बरातला एकदा जातो, टॉर्च घेऊन अंदाजाने उभे राहतो. यापुढे आम्ही काही बोलत नाही.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडात वोकिंगच्या मशिदीजवळ मुसलमान शिपायांसाठी वेगळे कब्रस्तान बांधले गेले. त्याला कारणही घडले होते. हिंदी मुसलमानांना तिथे दीनप्रमाणे माती मिळत नाही असा प्रचार जर्मनांनी चालवला होता, त्याला उत्तर म्हणून कमानी आणि घुमटाची ती चौकट उभी राहिली. म्हणजे मेलेल्या शिपायाची कबरही राजकारणातून सुटत नाही. १९६८ च्या सुमारास तिथले देह ब्रुकवुडला हलवले. रिकाम्या जागेत २०१५ मध्ये बाग केली आणि नावांचा दगड बसवला. देह एकीकडे, नाव दुसरीकडे. चाचांच्या मामूसारखेच.

हे सारे आम्ही चाचांना त्याच हॉटेलात, दोन-तीन संध्याकाळी मिळून सांगितले. किरपा रामची हकिकत त्यांनी डोळे मिटून ऐकली. "पीछे था, तो बी आगे गया," एवढेच म्हणाले. दिल्ली-कराचीच्या बहीचे सांगितले तेव्हा मात्र त्यांनी डोळे उघडले.

"कराची में बी नाम है?"

नाव असेल तर दोन्हीकडे असेल, आम्ही म्हणालो. आयोगाची यादी आता संगणकावर पाहता येते. पुष्कळ हिंदी शिपायांच्या नावापुढे बापाचे नाव आणि गाव-जिल्हाही दिलेला असतो. अडचण एकच, की नावे इंग्रजी कारकुनाने कानावर पडली तशी लिहिली. महंमद हे एकच नाव पाच-सहा तऱ्हांनी येते. शेख कधी पूर्ण, कधी दोनच अक्षरांत. मानवतचे काय झाले असेल ते खुदा जाणे, आमच्या गावाचे नाव आजही रेल्वे, पोस्ट आणि तहसील इंग्रजीत एकसारखे लिहीत नाहीत. शिवाय जिल्ह्याच्या जागी परभणी लिहिले की नुसतेच हैदराबाद, हेही पाहावे लागेल.

ज्या वाचकांच्या घरात जुनी ट्रंक असेल, त्यांनीही एकदा तळ पाहावा. दुसऱ्या महायुद्धात एक पदक असे होते, की जे लढाईबाहेरच्या मुलखात तीन वर्षे नोकरी केलेल्या हिंदी शिपायाला मिळे. निळ्या रंगाच्या दोन छटांची त्याची रिबन. पोरे ती पतंगाला बांधतात. भरतीचा कागद, तारेचा लखोटा, पेन्शनचे पुस्तक, काहीही असू शकते. उर्दूत असेल तर वाचणारा शोधावा, फेकू नये.

चाचांच्या घरात कागद उरलेला नाही. पण मामूचे नाव त्यांना बापाच्या आणि आजाच्या नावासकट पाठ आहे, अम्मी फातिहाच्या वेळी घेत असे म्हणून. पुढच्या जुम्म्याला नमाजनंतर ते आमच्या घरी आले. त्यांनी ते उर्दूत, थरथरत्या पण वळणदार अक्षरांत, एका वहीच्या पानावर लिहून दिले. आम्ही चष्मा लावला आणि त्याखाली इंग्रजी कारकुनाला ते कसे ऐकू आले असेल त्याच्या एकेक तऱ्हा मांडू लागलो. चौथ्या तऱ्हेवर चाचांनी आमचा हात धरला आणि म्हणाले, "रुको, ऐसा नहीं. अम्मी ऐसा बोलती थी," आणि नाव पुन्हा एकदा, या वेळी मोठ्याने, उच्चारून दाखवले.